सीए जरूर नेमा, किल्ली मात्र आपल्या कनवटीला

वाचकांचे प्रश्न : स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांचा आहे, नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. अंबडच्या एका कंपनीत डिझाइनला सहा वर्षं होतो. गेल्या मार्चअखेर नोकरी सोडली. आता घरूनच फिक्श्चर आणि गेजची ड्रॉइंगं करून देतो. अंबड-सातपूरच्या तीन टूलरूम, पुण्याची एक कंपनी आणि ओळखीतून मिळालेली जर्मनीची एक पार्टी, एवढी गिऱ्हाइकं आहेत. वर्षाची बिलं १६ लाखांच्या आसपास जातील, त्यातले ४ लाख जर्मनीचे. इथले सगळे १० टक्के टीडीएस कापतात. सध्या सीए शोधतोय. एकांनी ३,००० सांगितले, दुसऱ्यांनी १८,०००. तिसरे म्हणाले, 'फी नकोच, रिफंड येईल त्याचे १० टक्के द्या.' घरचे म्हणतात तिसऱ्यांकडे जा, पैसे आले तरच द्यायचे आहेत. काय करू?

उत्तर : तिसऱ्यांकडे जाऊ नका. कारण तुमच्याच आकड्यांवरून सांगते.

इथल्या १२ लाखांच्या बिलांवर १० टक्के, म्हणजे १,२०,००० रुपये टीडीएस कापला जाईल. तुमचं काम अभियांत्रिकी सल्ल्याचं आहे, म्हणून तुम्हाला आयकराचं ४४एडीए हे कलम लागू पडतं. (२०२५चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ला लागू झाला आणि कलमांचे, फॉर्मचे आकडे बदलले. लोकांच्या तोंडी जुनीच नावं बसली आहेत, म्हणून मी तीच लिहिते.) त्यात एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरतात. निम्म्याहून जास्त उरत असेल तर जास्त दाखवायला कुणाची ना नाही, पण निम्म्याच्या खाली जायचं तर वह्या आणि ऑडिट आलं. ही सोय ५० लाखांच्या जमेपर्यंत आहे, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. तुमचे १६ लाख, म्हणजे उत्पन्न ८ लाख. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे दुसरं काही उत्पन्न नसेल तर तुमचे १,२०,००० पूर्णच्या पूर्ण परत येणार आहेत, आणि ते सरळ मार्गाने, कुणाच्या हुशारीशिवाय. त्यातले १२,००० त्या गृहस्थांना कशाबद्दल द्यायचे?

पैशांपेक्षा मला दुसरी काळजी जास्त वाटते. ज्याची कमाई तुमच्या रिफंडावर ठरते, त्याला रिफंड फुगवण्यात रस असणार. न दिलेली देणगी, न भरलेला विमा, न राहिलेल्या घराचं भाडं अशा वजावटी रिटर्नमध्ये घुसतात आणि माणसाला पत्ताही नसतो. जुलै २०२५मध्ये आयकर विभागाने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर मोठी तपासणी केली, ती अशाच रिटर्नांसाठी. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे, वर मूळ कर आणि व्याज. आणि तो दंड तुमच्या पॅनवर लागतो. टक्केवारी घेणारा तोवर फोन उचलत नाही.

शिवाय सनदी लेखापालाला नफ्याच्या किंवा निकालाच्या टक्केवारीवर फी घ्यायला त्यांच्याच कायद्यात मनाई आहे. अपवाद मोजके आहेत आणि आयकराचा रिफंड त्यात बसत नाही. तेव्हा ते गृहस्थ एकतर सीए नाहीत, नाहीतर नियम मोडायला तयार असलेले सीए आहेत. सीए असल्याची खात्री करणं अवघड नाही. १९४९च्या कायद्याने झालेली सनदी लेखापालांची संस्था, म्हणजे आयसीएआय, प्रत्येकाला सहा आकडी सदस्य क्रमांक देते आणि तो तिच्या संकेतस्थळावर शोधता येतो. क्रमांक विचारायला संकोच वाटू देऊ नका. खऱ्या सीएला त्याचा राग येत नाही.

सीएच हवा असंही मात्र नाही. ऑडिट आणि दाखले हे सीएचं काम. रिटर्न भरायला चांगला कर सल्लागारही चालतो. सिडकोत, पंचवटीत असे कितीतरी जुने सल्लागार आहेत, जे कागद नीट बघतात आणि वेळेत भरतात. फक्त जो सीए नाही त्याने स्वतःला सीए म्हणवू नये, आणि आपणही ओळखीपाळखीत त्याला 'आमचे सीए' म्हणत फिरू नये. कर्जासाठी किंवा व्हिसासाठी दाखला लागला की तो सीएकडूनच लागतो, आणि त्यावर १८ आकडी यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक, असावा लागतो. २०१९पासून ते सक्तीचं झालं आहे. तोही क्रमांक आपल्याला संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

आता ३,००० आणि १८,०००. हे दोन आकडे एकाच कामाचे नाहीत, अशी मला दाट शंका आहे. ३,०००मध्ये बहुधा वर्षाचं एक रिटर्न, बस्स. नोटीस आली तर वेगळे, मार्चचा आगाऊ कर काढायचा तर वेगळे. १८,०००वाल्यांनी बहुधा तुमचा जीएसटी नंबर गृहीत धरला आहे, कारण नंबर घेतला की महिन्याची किंवा तिमाहीची रिटर्नं सुरू झाली. तेव्हा दोघांनाही एकच विचारा, 'यात काय काय येतं, ते लिहून द्याल का?' व्हॉट्सअॅपवर चार ओळी आल्या तरी पुरे. त्यांच्या फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागणार का, हेही त्यातच येऊ द्या.

जीएसटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी मेख तिथे आहे. सेवा देणाऱ्याला आपल्याकडे वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की नोंदणी सक्तीची होते. पुण्या-मुंबईतले बरेच जण समजतात की परदेशाचे पैसे यात धरत नाहीत. धरतात. तुमचे जर्मनीचे ४ लाख त्या २० लाखांत मोजले जातात. आज तुम्ही १६वर आहात, म्हणून नंबर सक्तीचा नाही. दिवाळीनंतर जर्मनीचं काम वाढलं आणि आकडा १९वर आला, तर ते मार्चमध्ये नव्हे, त्याच आठवड्यात सीएला कळायला हवं. नंबर घेतल्यावर परदेशी बिलावर कर लावावा लागत नाही, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं. ते राहिलं तर आधी १८ टक्के भरा आणि मग परत मागत बसा, अशी पाळी येते. १८,०००वाल्यांना विचारा, एलयूटी कधी भरता? उत्तर 'एप्रिलच्या आधीच' असं पटकन आलं, तर माणूस कामाचा आहे.

माझी स्वतःची पारख सांगते. चांगला हिशेबनीस उत्तरं द्यायच्या आधी प्रश्न विचारतो. मी १९९९मध्ये सातपूरच्या एका टूलरूममधली नोकरी सोडून, तुमच्यासारखीच, ड्रॉइंगं करून द्यायला लागले. तेव्हा बोर्ड आणि टी-स्क्वेअर होता. आज ज्या बाई माझं काम बघतात, त्यांच्याकडे शरणपूर रोडला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला एकही कलम सांगितलं नाही. पाऊण तास विचारत होत्या. बँक खाती किती? एफडी कुणाच्या नावावर? गावाकडे जमीन आहे का, ती कोण कसतं? कोणती पार्टी टीडीएस कापते आणि कुठल्या कलमाखाली? नवऱ्याच्या खात्यातून सॉफ्टवेअर घेतलं होतं का? तुमच्या बाबतीत विचारणारा आणखी विचारेल : नोकरी सोडल्यावर पीएफ काढला का (पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर पडतो, तुमची सहा भरली आहेत हे बरं झालं), जर्मनीचे पैसे कुठल्या खात्यात येतात, परदेशात एखादं खातं उघडलं आहे का, बँकेकडून परकीय रकमेचा दाखला घेता का, जुन्या कंपनीचे काही पैसे या वर्षात आले का. ज्याने यातलं काहीच न विचारता 'पाठवा फॉर्म सोळा, करून टाकू' म्हटलं, त्याला नमस्कार करून निघा.

आणि एक प्रश्न तुम्हीही विचारा : 'माझं काम प्रत्यक्ष कोण करणार?' मोठ्या ऑफिसात आर्टिकलशिपची मुलं करतात. त्यात वावगं काही नाही. मुलं शिकतात ती अशीच. पण त्या मुलाचं काम शेवटी बघतं कोण, आणि मूल परीक्षेच्या सुट्टीवर गेलं की तुमचा फोन कोण उचलतं, हे माहीत असावं. सीए शोधायला जुलैत आणि सप्टेंबरात जाऊ नका. त्या दिवसांत त्यांना जेवायची फुरसत नसते. कार्तिकात जा. निवांत बोलणं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला पैसे मोजून कळलं आहे.

माझे पहिले हिशेबनीस चौदा वर्षं माझं काम बघत होते. माणूस वाईट नव्हता. दरवर्षी मी कागदांची पिशवी नेऊन द्यायची, ते पावती द्यायचे. आयकराच्या पोर्टलचा पासवर्ड त्यांच्याकडे, नोंदवलेला मोबाइल त्यांच्या ऑफिसातल्या मुलाचा, ईमेल ऑफिसचा. मला त्यात काही गैर वाटायचं नाही. २०१९च्या जुलैत त्यांनी रिटर्न अपलोड केलं. ८६,४०० रुपये रिफंड यायचा होता. दिवाळी गेली, संक्रांत गेली, रिफंड नाही. 'येईल, यंदा उशीर आहे,' हे उत्तर. फेब्रुवारी २०२०मध्ये नव्या वर्कस्टेशनसाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा बँकेतल्या साहेबांनी पावती बघून विचारलं, 'मॅडम, हे व्हेरिफाय कुठे झालंय?' रिटर्न चढवलं होतं, पडताळणी केलीच नव्हती. पडताळणीवाचून रिटर्न भरलं असं धरतच नाहीत. त्याची आठवण करून देणारे मेसेज येतच असणार, पण ज्या मुलाचा नंबर होता तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता.

आधार ओटीपीने पासवर्ड बदलला, माझा नंबर टाकला, उशीर माफ करण्याचा अर्ज केला. अर्ज मंजूर झाला, पैसे ऑक्टोबरात आले. कर्ज मात्र त्या वर्षी मिळालं नाही, आणि वर्कस्टेशन नसल्यामुळे एक मोठं काम मी सोडलं. त्या रात्री मला आईची आठवण झाली. निफाडला आमच्या घरात कामाला दहा हात होते. निवडणं-पाखडणं कुणी, दळण कुणी. पण कोठीच्या खोलीची किल्ली आईच्या कनवटीला असायची. कोठीतून काय निघालं, काय राहिलं, हे तिला रोज ठाऊक असायचं. काम दुसऱ्याला देणं आणि किल्ली देणं यातला फरक तिला शिकवावा लागला नव्हता.

म्हणून सांगते. आयकर आणि जीएसटी, दोन्ही पोर्टलांवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच असू द्या. पासवर्ड सीएला कामापुरता द्या, पण तुम्हालाही तो पाठ हवा. डिजिटल सहीचं पेनड्राइव्ह त्यांच्या खणात ठेवू नका. तुमच्यासारख्या एकट्याला ते बहुतेक लागतही नाही, आधार ओटीपीवर भागतं. ओटीपी मागायला फोन आला की आधी विचारा, 'कशाचा?' आणि रिटर्न पाठवण्यापूर्वी त्याची प्रत मागून वाचा. सगळं कळणार नाही. पण एकूण जमा, दाखवलेलं उत्पन्न, वजावटी, टीडीएस आणि बँक खात्याचा नंबर हे पाच आकडे तुम्हाला कळतातच. पाठवल्यावर ३० दिवसांच्या आत पडताळणी झाली का, हे स्वतः बघा.

तुमच्याकडूनही काही व्हायला हवं, नाहीतर उत्तम सीएही काही करू शकत नाही. कामाचं बँक खातं वेगळं ठेवा. किराणा आणि टूलरूमचं पेमेंट एका खात्यात आलं की मार्चमध्ये दोघांचंही डोकं उठतं. बिलांना सलग क्रमांक द्या. आणि टीडीएस तिमाहीला तपासा. कापणाऱ्यांनी आपलं टीडीएस रिटर्न ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांना भरायचं असतं. त्यानंतर पंधरा दिवसांत सोळा-ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, मिळायला हवा. मी ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जूनच्या मध्यावर सव्वीस-एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडते आणि बिलांच्या वहीशी ताडते. गेल्या वर्षी एका पार्टीने माझी फी मजुरीच्या कलमाखाली, १९४सी म्हणून, १ टक्क्याने कापली होती. नोव्हेंबरात दिसलं म्हणून अकाउंटंटला सांगून दुरुस्त करून घेता आलं. जुलैत दिसलं असतं तर त्याला आठवलंही नसतं की मी कोण.

आणखी दोन तारखा. ४४एडीएवाल्यांना आगाऊ कर चार हप्त्यांत नाही, १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो. तुम्हाला यंदा लागणार नाही, पण लक्षात असू द्या. आणि ३० जूनपर्यंत महाराष्ट्राचा व्यवसाय कर, वर्षाला २,५००. नोकरीत कंपनी कापायची, आता स्वतः नाव नोंदवून भरायचा. पाचातल्या चार सल्लागारांना तो सांगायची आठवण राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी कॉलेज रोडला राहते, इंटिरिअर डिझायनर आहे. माझे सीए माझ्या सासऱ्यांचे मित्र. गेल्या वर्षी ४२ लाखांची जमा झाली. त्यातली ९ लाख डिझाइनची फी, बाकी ठेक्याने करून दिलेली कामं : प्लाय, सुतार, रंगारी सगळं माझ्याकडून. त्यांनी सगळे ४२ लाख ४४एडीएमध्ये दाखवले आणि २१ लाखांवर कर भरायला लावला. हातात एवढे उरलेच नव्हते. बदलायचं म्हटलं तर घरात अवघड होतं. कागदही त्यांच्याकडेच आहेत.

उत्तर : तुमची तक्रार रास्त वाटते. इंटिरिअर डेकोरेशन हा व्यवसाय ४४एडीएच्या यादीत आहे, पण तो सल्ल्याचा, डिझाइनचा. प्लाय आणून, सुतार लावून काम पुरं करून देणं हा ठेका झाला. ठेक्याला ४४एडी लागू पडू शकतं. त्यात बँकेतून आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या किमान ८ टक्के उत्पन्न धरतात. तुमच्या ३३ लाखांवर हा फरक किती मोठा आहे, ते तुम्हीच मांडून बघा. ६ टक्केच दाखवा असं मी म्हणत नाही. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवावा. पण १६ लाख ५० हजार तो नक्की नसणार. दोन्ही कामांची बिलं वेगळी होती का, करार काय होते, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. म्हणून ते कागद आधी हातात यायला हवेत. ४२ लाखांवर जीएसटीची नोंदणी आहे ना, तेही एकदा बघून घ्या. पत्रात त्याचा उल्लेख नाही.

आधी आहेत त्याच सीएंकडे जा आणि कागदावर दोन रकाने करून विचारा, 'काका, हे वेगळं धरता आलं असतं का?' कदाचित तुम्ही त्यांना ठेक्याबद्दल नीट सांगितलंच नसेल. पिशवी देऊन आला असाल, मी चौदा वर्षं दिली तशी. सुधारित रिटर्नची मुदत अजून आहे का, हेही त्याच भेटीत विचारा. ती गेली असेल तर वाट अरुंद होते, म्हणून ही भेट या आठवड्यातच घ्या.

समाधान झालं नाही तर बदला. सासऱ्यांना आधी सांगा, मागून कळू देऊ नका. 'काम वाढलंय, ठेक्याचा हिशेब बघणारं ऑफिस हवं,' हे खरं कारण आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. त्यांची फी राहिली असेल तर आधी फेडा. मग छोटा ईमेल करा : गेल्या काही वर्षांची रिटर्नं आणि पावत्या, उत्पन्नाची मांडणी, जीएसटी असेल तर त्याची रिटर्नं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, तुमची मूळ बिलं, आणि डिजिटल सही असेल तर ती. फी थकली म्हणून गिऱ्हाइकाचे कागद अडवून ठेवणं सीएंच्या आचारसंहितेत बसत नाही, पण पहिल्याच ईमेलमध्ये हे लिहू नका. मोठ्या माणसाला मान देऊन मागितलं की बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत फाईल तयार असते. भरलेली रिटर्नं तर पोर्टलवरून तुम्ही स्वतःही उतरवून घेऊ शकता.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातला. माझी चार एकर द्राक्षबाग आहे. शिवाय दुसऱ्यांच्या बागांना छाटणी-फवारणीचा सल्ला देतो, आणि एका खत कंपनीसाठीही सल्लागार म्हणून काम करतो. सल्ल्याचे वर्षाला ११ लाख होतात. माझा हिशेबनीस म्हणतो, 'सात-बारा आहे ना? सगळं शेतीचंच दाखवू, कर नाही.' बरोबर आहे का?

उत्तर : नाही. तुमच्या बागेतल्या द्राक्षांचे पैसे हे शेतीचं उत्पन्न, त्यावर आयकर नाही. दुसऱ्याच्या बागेत जाऊन दिलेल्या सल्ल्याचे पैसे ही फी आहे, मग बोलणं द्राक्षाचं असो की ड्रॉइंगचं. खत कंपनी तुमचा टीडीएस कापत असेल, तर ती फी पॅनवर केव्हाच नोंदली गेली आहे. रिटर्नमध्ये ती शेतीत दाखवली की दोन्ही कागद विभागाच्या एकाच पडद्यावर येतात. रिटर्नच्या शेवटी 'ही माहिती खरी आहे' असं आपणच म्हणतो, हिशेबनीस नाही.

आणि त्याची गरज तरी काय? ११ लाखांच्या जमेवर योग्य तो खर्च वजा जाता, फार तर थोडासा कर निघेल, कदाचित काहीच नाही. (शेतीचं उत्पन्न ५,०००च्या वर असेल तर कराचा दर ठरवताना ते जमेस धरतात, हे सीएला सांगायचं विसरू नका.) शेतीचे कागद मात्र जपा : व्यापाऱ्याच्या पट्ट्या, बाजार समितीच्या पावत्या, औषधांची बिलं. उद्या कुणी विचारलं तर खरी शेती सिद्ध करायला तेच उपयोगी पडतात. दोन्हीसाठी वेगळी खाती उघडा. हिशेबनीसाला एकदा स्पष्ट सांगा की सल्ल्याची फी सल्ल्याचीच दाखवायची. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर पुढच्या रिटर्नच्या आत दुसरा बघा. जो आज तुमच्यासाठी खोटं लिहायला तयार आहे, त्याच्याकडे आपली फाईल ठेवून मला तरी झोप लागणार नाही.

प्रश्न : पंचवटीत माझं वायरिंगचं काम आहे, जीएसटी नंबर आहे. सिंहस्थाच्या कामांमुळे एका मोठ्या ठेकेदाराकडे सब-काँट्रॅक्ट मिळालं. तो म्हणतो, 'तुमचं बिल पोर्टलवर दिसत नाही,' आणि जीएसटीची रक्कम अडवून ठेवतो. माझा अकाउंटंट म्हणतो, सगळं वेळेवर भरलं आहे. खोटं कोण बोलतंय?

उत्तर : दोघंही खरं बोलत असतील. आधी एवढं करा : जीएसटी पोर्टलवर करदाता शोधायची सोय आहे, तिथे आपला नंबर टाका. पासवर्ड लागत नाही. कोणतं रिटर्न कोणत्या तारखेला भरलं, ते दिसतं. तिथे तारखाच नसतील तर अकाउंटंटशी बोला, कारण उशिराच्या प्रत्येक दिवसाला प्रत्येक रिटर्नमागे ५० रुपये लेट फी चालू असते आणि ती तुमच्या खिशातून जाते.

पण तारखा असतील, आणि त्या तीन-तीन महिन्यांच्या असतील, तर तुम्ही तिमाही योजनेत आहात. छोट्या धंद्याला ती सोयीची, म्हणून अकाउंटंटने घेतली असणार. त्याची चूक नाही. मात्र तुमचं एप्रिलचं बिल मग जुलैच्या १३ तारखेच्या सुमारास चढतं, आणि तोवर ठेकेदाराला त्यातल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे त्याच्या करातली वजावट, मिळत नाही. यावर उपाय त्याच योजनेत आहे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफ या सोयीतून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवता येतात. अकाउंटंटला सांगा की या एका ठेकेदाराची बिलं दर महिन्याला आयएफएफमध्ये टाका. आणि तुम्ही बिल फाडलं की त्याच दिवशी त्याचा फोटो अकाउंटंटला पाठवा. १२ तारखेच्या रात्री तीन बिलं एकदम पाठवलीत तर तो तरी काय करणार? अडकलेल्या रकमेसाठी ठेकेदाराला आजच फोन करा, बिल कोणत्या तारखेला चढणार ते सांगा, आणि चढल्यावर त्याचा स्क्रीनशॉट त्याच्या अकाउंटंटला पाठवा.